देवाआधी चव नाही

मखमलाबादच्या मोतीराम पिंगळ्यांची छाया रोबो बनवते, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. रोबो म्हणजे नेमकं काय, ते मात्र कुणाला विचारू नका. बायका तिच्या आईला गाठून विचारायच्या, "बोलतो का गं तो?" छायाचा रोबो बोलत नव्हता आणि चालतही नव्हता. वाफेवर तापणारं एक भलंमोठं पातेलं, त्यावर उलथणं धरलेला एक लोखंडी हात आणि शेजारी डाळ, हळद, मीठ, मसाल्याचे बंद डबे, एवढाच त्याचा संसार. पडद्यावर बोट टेकवलं की तो अख्ख्या पंगतीचं वरण एकटा रांधायचा. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या गाळ्यावर तिनं पाटी लावली होती, 'उलथणं ऑटोमेशन'. मोतीरामनं शेतातल्या झेंडूचा हार आणून पाटीला घातला आणि म्हणाला, "भांड्याचं दुकान वाटतंय, पण असू दे."

पोरगी लहानपणापासून हट्टी. डिप्लोमा केला, सातपूरला कारखान्यात चांगली नोकरी लागली, आणि एक दिवस ती नोकरी सोडून घरी आली. का, तर कारखान्याच्या कँटीनमध्ये आचाऱ्याचा हात उकळत्या कढईत भाजलेला तिनं पाहिला आणि ते काही तिच्या डोक्यातून जाईना. बापानं आदळआपट केली, आईनं अबोला धरला, शेवटी दोघंही थकले. तिच्या जोडीला सुयश आला. गंगापूर रोडचा, हुशार, बोलायला गोड आणि धीराला कच्चा. लोखंड तिचं, प्रोग्रॅम त्याचा, अशी वाटणी होती.

यंत्र झालं, पण ते घ्यायला कुणी तयार होईना. मिसळवाला म्हणाला, "ताई, आमच्याकडे लोक रश्शाला येतात तसे आमच्या आचाऱ्याच्या शिव्या ऐकायलाही येतात. तुमचं मशीन शिव्या देतं का?" मेसवाल्याला भीती, की मशीन आलेलं पाहून स्वयंपाकी पळून जातील आणि मग मशीन बिघडलं की आपण उपाशी. असे उंबरे झिजवून झाल्यावर सुयशनं एक दिवस सरळ सांगून टाकलं, की बेंगळुरूहून बोलावणं आलंय. एक गिऱ्हाईक तरी मिळालं तर थांबतो, नाहीतर जातो. तो गेला की यंत्राचा मेंदूच जाणार होता. म्हणजे पाटी उतरवायची, गाळा परत करायचा आणि बापाच्या शेतात झेंडू तोडायला बसायचं.

अशा वेळी मठ 'बघू' म्हणाला.

म्हसरूळच्या पुढे, दिंडोरी रस्त्याला हा मठ आहे. रोज दुपारी तिथं पंगत बसते, येईल त्याला जेवण. मोतीराम वर्षानुवर्षं तिथं फुलं द्यायचा, त्यामुळे छाया लहानपणापासून तिथली. या मठाचा एक नियम फार कडक. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय अन्नाची चव घ्यायची नाही. हा नियम आपल्या घरोघरी सणावारी असतो, आणि घरोघरी आई पुरणाचं बोट हळूच जिभेला लावते, तेही आपल्याला माहीत असतं. मठात तसलं खपत नसे. आचाऱ्यानं नाकातोंडावर उपरणं बांधून रांधायचं. मुद्दाम वास घेतला तरी तो देवाआधी जेवला, असं तिथं मानत.

दुसरा नियम याच्याच पाठोपाठचा. नैवेद्य दाखवून झाला की ते पान ज्यानं रांधलं त्यानंच खायचं, पंगतीच्या आधी, सगळ्यांसमोर. त्यानं पहिला घास गिळून 'गोड झालं' म्हटलं, की मग बाकीच्यांनी पानाला हात लावायचा. नैवेद्याच्या पानात मीठ वाढत नाहीत, त्यामुळे रांधताना चुकलं तर सावरायला जागाच नसते.

हे पान बरीच वर्षं गोटीरामकाका खात आले होते. हरसूलकडून तरुणपणी आलेला हा माणूस मठाच्या चुलीपाशीच म्हातारा झाला. ढवळून ढवळून त्यांचा उजवा खांदा गेलेला, रात्री त्या कुशीवर झोपता येत नसे. अलीकडे हातही चुकायला लागला होता. गेल्या वर्षी आमटी दोनदा बिघडली, आणि त्यातली एक नेमकी उत्सवाच्या दिवशी. मठाच्या विश्वस्त सावित्रीबाई काही बोलल्या नाहीत, पण त्यांचं न बोलणंच लोकांना जास्त भारी पडायचं.

छायानं बरोबर तेच हेरलं. ती सावित्रीबाईंना म्हणाली, "बाई, न चाखता रांधणारा आचारी तुम्हाला हवाय ना? माझ्या मशीनला जीभच नाही. त्याच्याइतका सोवळा आचारी तुम्हाला मिळायचा नाही. आणि मीठ रोज सारखं, तोळामासाही इकडे तिकडे नाही." सावित्रीबाई हसल्या. "आण बाई तुझा सोवळा आचारी," त्या म्हणाल्या. "एक दिवस रांधू दे. पान गोड झालं तर ठेवून घेऊ."

गोटीरामकाकांना यंत्राचा राग येईल असं सगळ्यांना वाटलं होतं. उलट ते पोरासारखे खूश झाले. काही आठवडे ते अंबडच्या गाळ्यात येऊन दंडाला पट्टा बांधून रिकाम्या पातेल्यात उलथणं फिरवत बसायचे आणि सुयश त्यांच्या हाताची चाल यंत्रात भरून घ्यायचा. "शीक बाबा, शीक," ते त्या लोखंडी हाताला म्हणायचे, "तू शिकला का माझा खांदा सुटंल." छायानं त्यांना शब्द दिला होता, की मशीन ढवळेल, तुम्ही फक्त शेजारी उभं राहून बघायचं. तो शब्द तिनं मनापासून दिला होता.

ठरलेल्या दिवशी सकाळी यंत्र मठाच्या मुदपाकखान्यात लागलं. सावित्रीबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं, सुयशनं मधेच हात घालून तारांची जोडणी तेवढी वाचवली. डाळ धुऊन आत गेली, वाफ सुरू झाली, आणि तो हात गोटीरामकाकांच्याच चालीनं गोल गोल फिरू लागला. टोकाला गेल्यावर जरासा थांबायचा, मग तळ खरवडून परत. ते थांबणं काकांचं होतं, खांदा दुखायचा म्हणून ते तिथं थांबत. छायाला ते पाहून हसू आलं आणि थोडं भरूनही आलं. सगळं बिनबोभाट चाललं होतं.

हळद पडली. चिंच-गूळ पडला. उकळी फुटली. सगळ्यात शेवटी मिठाचा डबा उघडला, बंद झाला आणि सुयशच्या हातातल्या पडद्यावर हिरवी खूण आली. छायानं सुटकेचा श्वास सोडला, मागे वळून पाहिलं आणि तिथंच थिजली.

गोटीरामकाका पातेल्याच्या कडेला उभे होते. बगलेत मिठाची मोठी बरणी, झाकण उघडं, आणि उजव्या हातात मीठ काढायचा डाव. तो रिकामा होता, पण त्याला मिठाचे कण चिकटलेले होते.

"काका," तिनं हळूच विचारलं, "मीठ टाकलंत?"

काकांनी डावाकडे पाहिलं. मग पातेल्याकडे. उपरण्यावरच्या त्यांच्या डोळ्यांत आधी काहीच नव्हतं, मग हळूहळू भीती आली. उकळी फुटली की मिठाचा डाव पातेल्यात, ही त्या हाताची इतक्या वर्षांची सवय. ती सवय डोक्याला विचारून थोडीच चालते?

"वाढप्यांच्या भांड्यात काढायला बरणी घेतली व्हती," ते म्हणाले. "काढलं बी. पण सगळं तिकडंच काढलं का एक डाव हितं गेला... पोरी, देवाशपथ आठवत नाय."

वाढप्यांचं भांडं पाहायला छाया धावत गेली. उशीर झाला होता. वाढपी कधीच निघून गेले होते आणि बाहेर मांडवात पानोपानी चिमूट चिमूट मीठ पडलेलंही होतं. कुठे किती गेलं, ते आता कुणाला सांगता येणार नव्हतं.

ती परत आली तेव्हा सुयशचा चेहरा उतरला होता. "पातेल्याच्या वजनावरून कळेल का?" तिनं विचारलं. त्यानं मान हलवली. "वाफेत किती उडालं, धुतलेल्या डाळीबरोबर पाणी किती गेलं, सगळं धरून एवढा फरक दिसायचाच नाही. आपल्या डब्यातलं मीठ मोजून पडलंय, ते नक्की. वरून पडलं असेल तर माहीत नाही." मग इकडे तिकडे पाहून त्यानं आवाज खाली आणला. "छाया, कुणी नाहीये. एक थेंब जिभेवर ठेव ना. दोन सेकंदांचं काम आहे."

तेही खरंच होतं. मुदपाकखान्यात तिघांशिवाय कुणी नव्हतं. खारट असेल तर बिनमिठाची मुगाची डाळ शिजवून यात मिसळता आली असती, तेवढा वेळ भजनात निघाला असता. तिनं पळी उचलली. वरणात बुडवली. पळी वर आली आणि तिचा हात अर्ध्या वाटेत थांबला, कारण गोटीरामकाका तिच्याकडे पाहत होते. रागानं नाही. ज्या माणसानं इतकी वर्षं इथं उभं राहून एकदाही जीभ लावली नव्हती, तो फक्त पाहत होता.

"नको पोरी," ते म्हणाले. "माझ्या चुकीपायी तू कशाला बाटतीस? बाईंना सांगू. दोघं जाऊन सांगू, मीठ एकदा पडलं का दोनदा ते ठावं नाय. बाई काय खाऊन टाकतीन का?"

छायानं पळी ठेवली आणि मान डोलावली. सांगायचं ठरलं. दोघांनी मिळून, ठावं नाही एवढंच.

पण सावित्रीबाईच आत आल्या. नैवेद्याचं ताट त्यांच्या हातात होतं, भजन संपत आलं होतं. "झालं का?" त्यांनी विचारलं. आणि तिघांचे चेहरे पाहून थांबल्या. "काय झालंय?"

गोटीरामकाकांनी उपरणं खाली ओढलं, बोलायला तोंड उघडलं. त्या एवढ्याशा वेळात छायाच्या डोळ्यांपुढून काय काय गेलं! सुयशची बांधलेली बॅग, गाळ्याची उतरवलेली पाटी, 'पान गोड झालं तर' म्हणणाऱ्या सावित्रीबाई. वरण खारट निघालं तर लोक एवढंच म्हणतील, की मशीनचं वरण खारट. मग पुढे कुणी काही ऐकून घेणार नाही. काकांच्या आधी तीच बोलली.

"मशीननं मीठ बरोबर टाकलंय बाई. पडद्यावर सगळं आहे, दाखवते. वरण खारट निघालं तर ते गोटीरामकाकांच्या हातून. सवयीनं त्यांनी वरून टाकलं असेल."

यात खोटा शब्द एकही नव्हता. तिनं एकेक शब्द मागाहून मनात किती वेळा तपासून पाहिला, प्रत्येक वेळी खराच निघाला.

काकांनी तिच्याकडे वळून पाहिलं. त्यांचं तोंड अजून उघडंच होतं.

"गोटीराम?" सावित्रीबाई म्हणाल्या.

"आसंल बाई," ते म्हणाले. "हाताचं काय सांगता येत नाय आता."

सावित्रीबाईंनी हातातलं ताट खाली ठेवलं. आवाज चढवणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. "गेल्या वर्षी दोनदा झालं, मी बोलले नाही," त्या म्हणाल्या. "आता देवाच्या ताटाशी खेळ नको. तुमचा खांदाही गेलाय. उद्यापासून चुलीपाशी येऊ नका. पंगतीत पाणी वाढा, बसून राहण्यापेक्षा बरं. उद्या कशाला, आजपासूनच वाढा." मग छायाकडे वळून म्हणाल्या, "रांधलं तुझ्या मशीननं. ते काही पानावर बसायचं नाही. तेव्हा आज पानावर तू बैस."

काकांनी बरणीला झाकण लावलं. डाव धुतला, पुसला, खुंटीला लावला आणि ते बाहेर गेले. छायाला त्यांच्यामागे जावंसं वाटलं, पण ताट वाढायची वेळ झाली होती.

गाभाऱ्यात पडदा ओढला. आतून घंटेचा आवाज यायला लागला. छाया हात जोडून उभी राहिली आणि आपण काय मागतोय ते लक्षात आल्यावर तिच्या अंगावर काटा आला. ती मागत होती, वरण खारट निघू दे. खारट निघालं म्हणजे काकांनी मीठ टाकलं होतं, म्हणजे ती बोलली ते योग्यच होतं. पंगत थोडा वेळ थांबेल, मुगाची डाळ शिजवू, मिसळू, लोक जेवतील, मशीन राहील आणि तिला रात्री झोपही येईल. देवापुढे उभं राहून देवाचं वरण बिघडो म्हणणारी ती त्या मठातली पहिलीच असावी. तिला स्वतःची किळस आली आणि तरी तिचं मागणं थांबेना.

पडदा उघडला. ताट बाहेर आलं. मांडवात पंगत तोंड मिटून बसली होती. शाळेची पोरं, रस्त्यानं जाता जाता थांबलेले ट्रकवाले, भाजीच्या पाट्या बाहेर ठेवून आलेल्या बायका, म्हातारेकोतारे. सगळ्यांच्या नजरा तिच्या पानावर. मोतीरामही फुलांच्या पाट्या उतरवून खांबापाशी उभा होता आणि पोरगी देवाच्या पानावर बसली म्हणून त्याचा ऊर भरून आला होता. त्याला बिचाऱ्याला काय माहीत!

तिनं भात कालवला. घास तोंडात घातला आणि चावायचंही विसरून नुसता जिभेवर धरून ठेवला.

मग गिळला.

"गोड झालं," ती म्हणाली.

पंगतीत जयजयकार झाला, हात पानांवर पडले, वाढपी धावू लागले. "वरण फक्कड झालंय हो," कुणीतरी मोठ्यानं म्हणालं. सुयश दोन्ही मुठी आवळून लहान मुलासारखा हसत होता. सावित्रीबाई वाकून तिच्या कानाशी म्हणाल्या, "मशीन राहू दे इथंच. कागदपत्र उद्या करू." ज्या शब्दांसाठी ती इतके दिवस उंबरे झिजवत फिरली, ते शब्द हे होते.

"बाई," ती कशीबशी म्हणाली, "काकांनी नव्हतं टाकलं. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं."

"बरंच झालं की," सावित्रीबाई म्हणाल्या. "पण तुझं मशीन माणसावाचून नीट रांधतं, ते तर आज दिसलंच ना? त्यांना आराम मिळेल. त्यांच्या भल्याचंच आहे." आणि त्या पुढच्या रांगेकडे गेल्या.

छाया उठायला लागली. काकांना शोधायचं, त्यांचे पाय धरायचे, सगळ्या पंगतीसमोर सांगायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तिनं एक गुडघा उचलला आणि समोर पाण्याचा जग येऊन थांबला.

गोटीरामकाका होते. जग डाव्या हातात धरला होता, उजवा खांदा तेवढा उचलवत नव्हता.

"बस," ते म्हणाले. "देवाचं पान टाकून उठू नाय."

"काका, मी..."

"मीठ कसं हाय?" त्यांनी विचारलं. रांधणारा माणूस विचारतो तसंच, थोडं काळजीनं.

"बरोबर आहे."

"म्हंजी माझा हात नव्हता गेला." त्यांचा चेहरा एकदम उजळला. एवढंच त्यांना हवं होतं, निदान तेवढा वेळ तरी. मग सावकाश त्यांनी मुदपाकखान्याच्या दाराकडे पाहिलं. तिथं तो लोखंडी हात रिकाम्या होत चाललेल्या पातेल्यात अजून फिरत होता, टोकाला जाऊन जरासा थांबत होता. काकांनी मान वळवली आणि तिच्या पेल्यात पाणी ओतलं. "जेव पोरी," ते म्हणाले आणि शेजारच्या पानाकडे सरकले.

छाया जेवली. पान टाकून उठायचं नव्हतं, म्हणून शेवटच्या शितापर्यंत सगळं तिनं गिळलं. वरणात मीठ अगदी बेताचं होतं.